अवे तिकिटांची पॉइंट्स-पद्धत: सीझनभर वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या फुटबॉल क्लबची अवे मेंबरशिप, म्हणजे संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळतो तेव्हाची तिकिटं काढता येणारं सभासदत्व, घेऊन आता अख्खा सीझन सरत आलाय. अशा सामन्यांना गेलं की पॉइंट्स मिळतात, आणि ज्याचे पॉइंट्स जास्त त्याला तिकीट आधी. क्लब प्रीमियर लीगमधला, उत्तर इंग्लंडातला. नाव मुद्दाम घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने बऱ्याच मोठ्या क्लबांची पद्धत अशीच आहे. 'घ्यावी का?' असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मत आधीच सांगून टाकते. नियम लेखी आहेत, सगळ्यांना सारखे लागू होतात आणि उघड विक्रीत ओळखपाळख चालत नाही. पण ज्यांचे पॉइंट्स वर्षानुवर्षं साठलेत त्यांना ही पद्धत जितकी सोयीची, तितकीच नव्या माणसाला जड जाते. मेंबरशिप विकताना हे कोणी सांगत नाही.

मुळात वाटायला जागा किती असतात ते बघू. प्रीमियर लीगच्या नियमानुसार यजमान क्लबने पाहुण्या क्लबला 3,000 तिकिटं द्यायची. मैदानाची क्षमता 30,000 पेक्षा कमी असेल तर क्षमतेच्या 10 टक्के. ओल्ड ट्रॅफर्डमध्ये 74,000 च्या आसपास माणसं मावतात, तरी पाहुण्यांसाठीचा आकडा 3,000. उलट ब्रेंटफर्डचं मैदान 17,250 चं, म्हणजे हातात सतराशेच्या आसपास तिकिटं. बोर्नमथचं साधारण 11,300 चं, तिथे अकराशेच्या थोडं वर. आता मागे हजारो सीझन-तिकीटधारक (घरच्या मैदानाचं सीझनभराचं तिकीट घेतलेले) असलेला क्लब घ्या आणि त्याच्या वाट्याला अकराशे जागा आल्यात असं धरा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

'यजमानांनी चार रांगा वाढवून दिल्या तर काय बिघडलं?' असं सुरुवातीला वाटतं. पण दोन्ही बाजूंच्या लोकांमध्ये मोकळा पट्टा सोडावा लागतो. त्या खुर्च्यांवर जाळी टाकलेली असते आणि कडेने स्टुअर्ड (गर्दी सांभाळणारे मैदानाचे कर्मचारी) उभे असतात. शिवाय पाहुण्यांची फाटकं, बाहेर जायचा रस्ता, बसगाड्या लावायची जागा सगळं वेगळं लागतं. मैदानाचं सुरक्षा प्रमाणपत्र स्थानिक काउन्सिल देतं आणि कुठे किती माणसं बसवायची हे त्यात ठरलेलं असतं. 1989 साली शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांनी भरलेल्या, कुंपण घातलेल्या उभं राहायच्या भागात चेंगराचेंगरी झाली आणि 97 जीव गेले. त्यानंतर या देशात कुठे किती माणसं बसवायची या आकड्यांशी कोणी खेळत नाही, आणि तेच योग्य आहे.

म्हणजे जागा वाढणार नाहीत. प्रश्न उरतो तो आहेत त्या कोणाला द्यायच्या याचा. खरी गोम इथेच आहे.

पूर्वी हे काम पैसा करायचा. जानेवारी 2013 मध्ये आर्सेनलच्या मैदानावरच्या सामन्याचं तिकीट पाहुण्यांना 62 पाउंडांना होतं. मँचेस्टर सिटीच्या वाट्याला आलेल्या 3,000 पैकी 912 तिकिटं तेव्हा न विकता परत गेली. गतविजेता संघ, समोर आर्सेनल, आणि तरी अवे एंडमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या भागात, रिकाम्या खुर्च्या! त्यानंतर चाहत्यांच्या संघटनांनी तिकीट वीस पाउंडांवर आणा म्हणून मोहीम उघडली आणि ती नेटाने चालवली. अखेर 2016-17 च्या सीझनपासून प्रीमियर लीगने अवे तिकिटाला 30 पाउंडांची मर्यादा घातली. चाहत्यांनी लढून मिळवलेल्या गोष्टींत मी ही सगळ्यात वर ठेवते. स्वतःच्या घरच्या मैदानावर 30 पाउंडांत चांगली जागा मिळणं कितीतरी क्लबांच्या चाहत्यांना अवघड आहे, आणि इथे लीगमधल्या कुठल्याही मैदानावर तोच वरचा दर.

पण दर खाली आला तसे मागणारे वाढले. आता खिशाची नाही, पॉइंट्सची परीक्षा होते. म्हणून क्लब पॉइंट्स कसे देतो आणि कसे मोजतो हे आज पूर्वीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं झालंय. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि दार मात्र जुन्याच माणसांना उघडायचं, तर स्वस्ताईचा फायदा फिरून फिरून त्याच लोकांना मिळतो.

प्रत्यक्षात चालतं ते असं. सामन्याच्या काही आठवडे आधी क्लबचा मेल येतो. त्यात वाट्याला आलेली तिकिटं आणि विक्रीच्या खिडक्या, म्हणजे कोणी कधीपासून तिकीट काढायचं त्या वेळा, दिलेल्या असतात. पहिल्या दिवशी अमुक पॉइंट्सच्या वरचे सीझन-तिकीटधारक, दुसऱ्या दिवशी त्याखालचे, मग आणखी खालचे, आणि उरलीच तर मेंबर. सकाळी दहाला खिडकी उघडते. नऊ पंचावन्नला फोनवर रांगेचं पान उघडून बसायचं. पडद्यावर एक छोटा माणूस पट्टीवरून पुढे सरकताना दिसतो आणि खाली 'तुमच्या पुढे इतके जण' असा आकडा असतो. आपली पाळी आली की काही मिनिटांत पैसे भरायचे. जागा निवडायची सोय नाही, यंत्रणा देईल ती घ्यायची. हा भाग उत्तम चालतो, साइट माझ्या हातात कधी बंद पडली नाही. शंकेला उत्तर देणारी तिकीट ऑफिसची माणसंही मनापासून मदत करणारी आहेत.

मोठ्या मैदानांवरच्या आठवड्यातल्या रात्रीच्या सामन्यांना खिडकी खाली येता येता आमच्यापर्यंत पोचते. बोर्नमथ, ब्रेंटफर्डसारख्या मैदानांची विक्री मात्र पहिल्या दुसऱ्या दिवशीच संपते. एका लीग सामन्याला जाऊन मिळतात मोजके पॉइंट्स, आणि वरचे लोकही तेवढेच सामने बघून तेवढेच पॉइंट्स मिळवत असतात. त्यामुळे अंतर कमी होतच नाही. मी सीझनभर इमानेइतबारे तिकिटं काढली आणि प्रवास केला, तरी माझ्या वरची पायरी माझ्याइतक्याच वेगाने वर सरकत राहिली. काही क्लबांत फक्त मागच्या दोनतीन सीझनचे पॉइंट्स धरतात, जुने गळून पडतात. तिथे नव्याला निदान आशा असते. आमच्याकडे जुने पॉइंट्स तसेच राहतात. मेंबरशिप घेण्याआधी आपल्या क्लबच्या नियमांत पहिल्यांदा हेच शोधा.

चढायचा एक खरा मार्ग आहे, तो म्हणजे कप. एफए कपमध्ये (लीगपेक्षा वेगळी, हरला की बाहेर अशी स्पर्धा) पाहुण्या क्लबला मैदानाच्या 15 टक्क्यांपर्यंत जागा मागता येतात. मोठ्या मैदानावर सुरुवातीच्या फेरीचा सामना लागला तर विक्री अगदी तळापर्यंत येते आणि त्याचेही पॉइंट्स मिळतात. दुसरा मार्ग कष्टाचा. टीव्हीसाठी सामना सोमवारी रात्री आठला ढकलला गेला की परतीची शेवटची गाडी चुकणार हे ठरलेलंच. तेव्हा अनुभवी मंडळीही कचरतात आणि तिकिटं खाली येतात. त्या रात्री क्लबच्या बसने जायचं. (बसमध्ये दारू चालत नाही, 1985 चा कायदाच आहे तसा. नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) पहाटे घरी पोचून सकाळी कामावर जायची तयारी असेल तर या मेंबरशिपचे पैसे वसूल होतात.

आता जागेबद्दल. 30 पाउंडांत मिळणारी जागा कुठे असेल ते यजमानांच्या हातात. न्यूकासलच्या सेंट जेम्स पार्कमध्ये पाहुण्यांना लीझेस एंड या एका गोलामागच्या स्टँडच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर बसवत आलेत. जिने चढता चढता दम लागतो, आणि वर पोचल्यावर खेळाडूंचे नंबर वाचायला डोळे ताणावे लागतात. पण तिथून पूर्ण मैदानाचा नकाशा दिसतो, बचावफळी कशी सरकते ते टीव्हीवर कधीच इतकं कळत नाही. क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कमध्ये आर्थर वेट स्टँडचे खांब आडवे येतात. तिथली तिकिटं काढताना दृश्यात अडथळा असल्याची सूचना नीट वाचा.

आणि जागेचा नंबर हातात असला तरी त्या जागेवर बसणारा क्वचितच दिसतो. अवे एंड उभाच असतो. एरवी बसूनच बघायचा नियम, पण 2022 च्या जानेवारीत काही मैदानांवर परवान्याने उभं राहायची चाचणी झाली, पुढच्या सीझनपासून ती इतरांनाही खुली झाली, आणि आता काही ठिकाणी पाहुण्यांच्या भागातही कठडा असलेल्या खुर्च्या आहेत. तो कठडा फार मोलाचा. शेवटच्या मिनिटाला आपला गोल झाला की मागची माणसं अंगावर कोसळतात, अनोळखी माणूस गळ्यात पडतो, चष्मे उडतात. पोटाशी लोखंडी आडवी दांडी असली की पुढच्या रांगेत तोंडावर आपटायची भीती राहत नाही. पण ज्यांना दोन तास उभं राहणं जमत नाही त्यांची या सगळ्यात फार ओढाताण होते. तिकीट ऑफिसला आधी फोन करून कडेची किंवा पुढची जागा मागता येते, मिळेलच असं नाही. व्हीलचेअरच्या जागा तर बोटांवर मोजण्याइतक्या असतात आणि त्यांची विक्री वेगळी होते. या गटासाठी आमच्या क्लबने सरळ आळीपाळी ठेवली आहे, मागच्या वेळी ज्याला मिळालं तो पुढच्या वेळी मागे. इतकी सोपी आणि न्याय्य गोष्ट बाकीच्यांसाठी का नाही, हा प्रश्न मला सीझनभर पडलाय.

सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे पॉइंट्ससाठी तिकीट काढणारे लोक. वरच्या पायरीवरचा माणूस तिकीट घेतो, स्वतः जात नाही, ओळखीतल्या कोणाला तरी देतो आणि पॉइंट्स मात्र त्याच्या खात्यावर चढतात. कायद्याने परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं गुन्हा आहे, 1994 पासून. पण मित्राला त्याच किमतीत देणारे पकडायचे कसे? आता तिकीट फोनमध्ये येतं, आणि काही सामन्यांना अचानक निवडलेल्या लोकांना ओळखपत्र दाखवून मैदानाबाहेरच तिकीट घ्यायला लावतात. मला असं एकदा बोलावलं होतं. फाटकाजवळ क्लबचा छोटा तंबू, टेबलावर पाकिटांचा खोका, पासपोर्ट बघून पाकीट हातात. दोन मिनिटांचं काम. काही लोक यावर चिडतात, मला मात्र हे प्रत्येक सामन्याला व्हायला हवं असं वाटतं. जो प्रवास करतो, पॉइंट त्याचाच.

दुसरी तक्रार आकड्यांची. वाट्याला आलेल्या सगळ्या जागा विक्रीला येत नाहीत. खेळाडूंचे नातेवाईक, कर्मचारी, प्रायोजक यांचाही वाटा असतो. तो असायला माझी हरकत नाही, खेळाडूच्या आईने सामना बघायलाच हवा. पण 3,000 पैकी किती जागा अशा गेल्या हे आमचा क्लब सांगत नाही. जिथे वाट्याला अकराशेच तिकिटं येतात तिथे पन्नास जागासुद्धा फार होतात.

आणि मुलं. माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, संघाचा खडा न खडा त्याला माहीत. दोन तिकिटं शेजारी हवी असतील तर नियम असा, की दोघांतल्या कमी पॉइंट्सवाल्याची खिडकी लागू. त्याचे पॉइंट्स जवळपास शून्य, म्हणजे त्याला बरोबर न्यायचं तर मीही तळाला. म्हणून अवे एंडमध्ये आजूबाजूला बघितलं की चाळिशी-पन्नाशीतले चेहरे जास्त आणि पोरं अगदी तुरळक. पुढच्या पिढीला गाणी शिकवणार कोण?

यावर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत. काही क्लब वाट्यातला मोठा भाग पॉइंट्सवर देतात आणि उरलेला चिठ्ठ्या टाकून. सगळंच बॅलटवर सोपवलं तर वीस वर्षं पावसापाण्यात जाणाऱ्या माणसाचा अपमान होईल, ते मला अजिबात नको. पण दहा-पंधरा टक्के जागा कमी पॉइंट्सवाल्यांसाठी आणि त्यातल्या काही तरुणांसाठी राखल्या तर वरच्यांना फारसा फरक पडणार नाही, खालच्यांचं मात्र सगळंच बदलेल. आमच्या क्लबच्या चाहता-मंडळाकडे मी हे लेखी दिलंय, सोबत प्रत्येक सामन्याचा हिशोब जाहीर करायची मागणीही. विषय पुढच्या बैठकीत घेऊ असं उत्तर आलंय.

युरोपातल्या सामन्यांबद्दल थोडंच लिहिते. युएफाच्या (युरोपातल्या फुटबॉलची संघटना) नियमाने पाहुण्यांना किमान 5 टक्के जागा, आणि चॅम्पियन्स लीगच्या अवे तिकिटाला 2025-26 मध्ये 50 युरोंची मर्यादा. ती तिकिटं आमच्या पायरीपर्यंत येत नाहीत, त्या आशेने मेंबरशिप घेऊ नका. जर्मनीत पाहुण्यांना 10 टक्के जागा द्यायची पद्धत आहे. मोठ्या मैदानावर त्याचे किती होतात याचा विचार केला तरी हेवा वाटतो.

तर घ्यावी का? वर्षाला एखादा मोठा सामना बघायचाय, तोही शनिवारी दुपारी, तर घेऊ नका, तिकीट हाती लागणार नाही. आठवड्यातल्या रात्री, कपचे सामने, लांबचे प्रवास यांची तयारी असेल आणि तीनचार वर्षं धीर धरायची इच्छा असेल तर जरूर घ्या. मी पुढच्या सीझनसाठी नूतनीकरण करतेय. घरात लहान मूल असेल तर त्याची ज्युनियर मेंबरशिप आत्ताच त्याच्या स्वतःच्या नावावर काढा, कारण तुमचे पॉइंट्स पुढे त्याच्या नावावर करता येत नाहीत. भाच्याची मी काढली आहे, आणि कपचा ड्रॉ निघाला की पहिलं तिकीट त्याच्याच खात्यावरून काढणार आहे.