विनाशिकेचा समुद्रपाणी पंप: इंपेलर ब्राँझचा की सुपर डुप्लेक्सचा?

बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यांत पंपाचे सुटे भाग ओतणाऱ्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा. ‘आयएनएस सूरत’सारख्या 163 मीटर लांब, 7,400 टनी विनाशिकेवर आग विझवण्याचं पाणीही समुद्रातूनच येतं. तिथे इंपेलर, म्हणजे पंपात फिरून पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, बंद पडलं की सगळंच अडतं.

निकेल अॅल्युमिनियम ब्राँझमध्ये साधारण 9 टक्के अॅल्युमिनियम, 4-5 टक्के निकेल आणि जवळपास तेवढंच लोखंड असतं. यंत्रकाम सोपं, शेवाळ-शिंपले कमी चिकटतात. पण ओतताना धातू खळाळला की अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची साय आत अडकते. वरून भाग चकचकीत दिसतो, मात्र दाब चाचणीत त्याच जागी घाम फुटल्यासारखे थेंब येतात. म्हणून साचा खालून, संथ भरावा. दुसरा शत्रू म्हणजे बंदरातलं सल्फाइडचं घाण पाणी. ब्राँझवरचा संरक्षक थर पक्का व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून नवा भाग आधी स्वच्छ समुद्रपाण्यात चालवावा.

सुपर डुप्लेक्स स्टेनलेस स्टील (25 टक्के क्रोमियम, 7 निकेल, 4 मॉलिब्डेनम) वाळूमिश्रित वेगवान पाण्यात सरस. त्याचा जीव उष्णोपचारात आहे: सुमारे 1,100 अंश सेल्सिअसवरून थेट पाण्यात. भट्टीतून टाकीपर्यंत रेंगाळलात तर सिग्मा फेज (धातूतला ठिसूळ घटक) तयार होऊन भाग काचेसारखा ठिसूळ होतो. वेअर रिंगही (इंपेलरभोवतीची झीज सोसणारी कडी) त्याच धातूची, तेवढ्याच कडकपणाची घेतली तर दोन्ही एकमेकांना चिकटून ओरबाडतात.

केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, ब्राँझचं असेल तर सुपर डुप्लेक्स इंपेलर चालतो. उलट, सुपर डुप्लेक्स केसिंगला ब्राँझचे बोल्ट कधीच लावू नयेत. मोठ्या केसिंगपुढे ते छोटे बोल्टच आधी गंजून झिजतात.