पाणी तुंबतंय: तक्रार, क्षेत्रसभा की नालेफेरी?

सांगलीत पाणी दोन वाटांनी घरात शिरतं. आपल्या गल्लीत येणारं पाणी कुठलं, ते कॉलनीने आधी ओळखायला हवं. एक पाणी कृष्णेचं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये नदी ५७ फुटांच्या वर गेली. कोयना-महाबळेश्वरकडे कोसळलेला पाऊस सांगलीत ऊन असतानाही नदी चढवतो, त्यापुढे कॉलनीच्या बैठकीचं काही चालत नाही. दुसरं पाणी आपल्याच डोक्यावर पडलेलं आणि निचरा नाही म्हणून साचलेलं. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात लोक पाऊस थांबल्यावरही ज्यातून वाट काढतात, ते हे. त्यासाठी महापालिकेला हलवायचे तीन मार्ग आहेत. माझं मत आधीच सांगतो: यातला एकच जमणार असेल, तर नालेफेरी धरा, म्हणजे अभियंत्यासोबत पाण्याच्या वाटेने चालत जाणं.

तक्रार सगळ्यात सोपी. जाळी कचऱ्याने बुजली असेल, चेंबरमध्ये गाळ असेल, तर फोटो, जवळची खूण आणि तारीख देऊन तक्रार नोंदवा, नोंदीचा क्रमांक जपून ठेवा. एवढ्यावर काम होतं. पण तक्रारीला फक्त तो एक चेंबर दिसतो. पाईपच उलट्या उताराने टाकला असेल, तर गाळ काढला तरी पुढच्या वळवाला पाणी तिथेच उभं राहतं.

क्षेत्रसभा (प्रभागातल्या एका भागातल्या मतदारांची सभा) आणि प्रभाग समिती (प्रभागांसाठीची नगरसेवकांची समिती) यांचा मार्ग लांबचा, पण पैसा तिथून येतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये झालेली आपली महापालिका त्यात मोडते. राज्याने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद केली. प्रभाग समितीवर स्वयंसेवी आणि वस्ती पातळीवरच्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेता येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. नवीन पावसाळी गटार किंवा रस्त्याखालची मोठी मोरी हवी असेल, तर अंदाजपत्रकात तरतूद लागतेच. अंदाजपत्रक १ एप्रिलपासून लागू होतं, म्हणून मागणी दिवाळीच्या सुमारास लेखी गेलेली बरी. जुलैत गुडघाभर पाण्यात उभं राहून केलेल्या मागणीला त्या वर्षी पैसा मिळणं कठीण.

सभेची अडचण वेगळी आहे. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामं सुचवून घेते. चांगली पद्धत आहे, पण पाणी प्रभागाची हद्द मानत नाही. वरच्या कॉलनीने मंजूर करून घेतलेलं गटार खालच्या कॉलनीच्या दारात सुटलं, तर दोन्ही सभा रीतसर होऊनही प्रश्न फक्त चार गल्ल्या पुढे सरकतो. शिवाय सभेत ठरावीक माणसंच बोलतात. दिवसभर घरात राहून पाणी उपसणाऱ्या बायका आणि तळमजल्यावरचे भाडेकरू तिथे फारसे दिसत नाहीत, आणि पाण्याचा नेमका माग त्यांनाच ठाऊक असतो.

म्हणून नालेफेरी. जलयुक्त शिवारच्या वेळी गावोगाव शिवारफेरी काढून ओढे-बांध पाहिले गेले, तसंच शहरात करायचं. एप्रिल-मेमध्ये शाखा अभियंता, मुकादम आणि रहिवासी यांनी मिळून उंचावरच्या टोकापासून पाणी शेवटी नाल्यात पडतं तिथपर्यंत चालत जायचं, प्रभाग बदलला तरी थांबायचं नाही. अभियंत्याकडे लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढ-उतार मोजायचं यंत्र असतं. रहिवाशांना माहीत असतं की पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं आणि कुठल्या बाजूने आलं. या दोन्ही गोष्टी एकाच जागी उभं राहून बोलल्या गेल्या की कारण सापडतं. पुष्कळदा ते गटारात नसतंच: जुना थर न खरवडता डांबरावर डांबर चढवल्याने रस्ता उंच आणि अंगणं खाली गेलेली असतात.

हिशेबही तिथेच मांडावा. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे दोन लाख लिटर, दहा हजार लिटरचे वीस टँकर. अंगणात माती होती तेव्हा त्यातलं थोडं तरी मुरायचं, पेव्हिंग ब्लॉक बसवल्यावर जवळजवळ सगळं रस्त्यावर येतं. हे समजलं की काही घरं शोषखड्ड्याला तयार होतात. मात्र काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, तेव्हा भिस्त शोषखड्ड्यावर ठेवू नका.

फेरीत शेजाऱ्यांची मनं दुखावतात, हे धरूनच चला. गुंठेवारीत, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे विकून, प्लॉट पडले तेव्हा अनेक ठिकाणी गटाराला जागाच सुटली नाही. पुढे कुणाची भिंत ओढ्यात आली, कुणाचा स्लॅब नाल्यावर. तिथे बोट दाखवून भांडू नये. जागा, मोजमाप आणि फोटो टिपणात घ्यावेत, टिपणावर अभियंत्याची आणि रहिवाशांची सही असावी. तेच टिपण पुढे क्षेत्रसभेत ठेवायचं. पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा एकदा चालायचं, कारण कोरड्या नाल्यात दोष लपतात.

फेरीच्या शेवटच्या टोकाला अभियंत्याला एक प्रश्न जरूर विचारा: नदी चढली की नाल्याच्या या तोंडाचं काय होतं? शहरातून नदीला मिळणाऱ्या शेरीनाल्यासारख्या वाटांनी कृष्णेचं पाणी उलटं शहरात येतं. तोंडाला झडप बसवली तर ते अडतं, पण त्याच वेळी आपलं पावसाचं पाणीही आत कोंडतं. तिथे झडपेसोबत पंप लागतो, त्याला वीज लागते आणि रात्री चालवणारा माणूस लागतो. या तिन्हींची नोंद टिपणात वेगवेगळी करून घ्या.