अडुळसा ते गुळवेल: पावसाळाभर वापरलेल्या काष्ठौषधी

जूनपासून दिवाळीपर्यंत आमच्या परळच्या घरात अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ, बाळहिरडा आणि गुळवेल या काष्ठौषधी, म्हणजे वनस्पतींपासूनची औषधं, सतत वापरात होत्या. अनुभवाचं सार आधीच सांगते: मुंबईत राहत असाल तर तयार चूर्णं घेऊ नका, आख्खी काडी, आख्खं फळ घ्या. इथल्या जुलैच्या हवेत चूर्णाचा डबा उघडला की काही दिवसांत गठ्ठे होतात, पुढे कुबट वास येतो. काडी बरणीत नीट राहते. सहाणेवर उगाळली, खलात कुटली की झालं. शिवाय काडी ओळखता येते, भुकटीत काय आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं.

सगळ्यात उपयोगी ठरला अडुळसा. दादरच्या बाजारात सकाळी लवकर गेलं की पानं मिळतात. कच्ची पानं वाटून फारसा रस निघत नाही, म्हणून आधी वाफवायची, मग पिळून मधाबरोबर घ्यायचा. चव भयंकर, पण छातीत चिकटलेला कफ सुटतो. कोरड्या ढासेला मात्र काडीचा फरक पडला नाही. पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं आणि कफ सिरपमधलं अँब्रोक्सॉल त्याचंच पुढचं रूप, म्हणजे आजीचा काढा आणि केमिस्टकडची बाटली नात्यातली निघाली! गरोदरपणात अडुळसा टाळतात, गर्भाशय आकुंचन पावू शकतं. आणि खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर काढे बाजूला ठेवून पालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. टीबीची ही तपासणी मोफत असते.

ज्येष्ठमधाची काडी मोडली की आत पिवळी आणि तंतुमय दिसायला हवी. घसा बसला की तुकडा चघळते, लगेच बरं वाटतं. पण त्यातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. आमच्या ह्यांना बीपीची गोळी चालू आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी ज्येष्ठमध बंद.

सितोपलादी या खोकल्यावरच्या आयुर्वेदिक चूर्णाचं एक तयार पाकीटही आणलं होतं. त्याचं जुनं प्रमाण असं: खडीसाखर 16 भाग, वंशलोचन (बांबूच्या पोकळीतलं पांढरं द्रव्य) 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1. निम्म्याहून जास्त साखरच! मुलं आवडीने खातात यात नवल नाही. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्यापासून ते पाकीट लांब ठेवलं.

सुंठेबद्दल एवढंच, की अगदी पांढरीफेक सुंठ बहुधा चुन्यात घोळवलेली असते, मळकट दिसणारी घ्या. बाळहिरडा आपल्या सह्याद्रीतला, जुन्नर-आंबेगावकडे आदिवासी तो गोळा करतात. एरंडेलात परतून, कुटून रात्री चिमूटभर घेतला की सकाळी पोट साफ. रोज लागायला लागलं तर मात्र वैद्यांना विचारा.

आता गुळवेल. कोविडपासून आमच्या इमारतीत घरोघरी तिचा काढा उकळत होता. 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं, की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, सारखीच दिसणारी दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा, वापरली गेली असेल. वाद कुणीही जिंको, माझ्या हातातल्या हिरवट भुकटीवरून ती कुठली वेल हे मला कळणार नाही. निदान ताज्या खोडावर काही दिसतं, क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठी जास्त असतात. मला तिचा वेगळा असा फायदाही जाणवला नाही, म्हणून बंद केली. ज्यांना आधीच यकृताचा किंवा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) आजार आहे, त्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती घेऊच नये. आणि घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी लिव्हर फंक्शनची रक्ततपासणी करून घ्यावी.