जुळे सोलापूर, हरळी आणि बॅटरीचं लॉन मूव्हर : अकरा महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात बॅटरीवर चालणारं गवत कापायचं मशीन घेतलं. आता मे संपत आलाय. म्हणजे पावसाळा, हिवाळा आणि आपल्या सोलापूरचा अख्खा उन्हाळा त्याच्यासोबत काढून झाला. घ्यायच्या वेळी मी बरंच शोधलं, पण जे सापडलं ते सगळं थंड मुलखातल्या मऊ, सपाट हिरवळीबद्दल. आपली काळी माती आणि आपलं ऊन त्यात कुठेच नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या घरापुढे साधारण 1,200 चौरस फूट गवत आहे. नर्सरीवाल्याने लॉन म्हणून लावून दिलं होतं, पण पाच वर्षांत निम्म्याहून जास्त हरळीच पसरलीय आणि कडेने लव्हाळा. आप्पा, म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज सकाळी चहाच्या आधी ते त्यावर अनवाणी फेऱ्या मारतात. गवत वाढलं की पाय कुठे पडतोय ते त्यांना दिसत नाही, आणि पावसाळ्यात विंचवाकाट्याची भीती वेगळीच. आधी एक माळीमामा पंधरा दिवसांनी येऊन विळ्याने कापून द्यायचे. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांचं येणं कमी झालं.

पेट्रोलचं मशीन पहिल्यांदाच बाद केलं. आप्पांना दमा आहे, धूर चालत नाही. वायरचं स्वस्त पडतं, पण आमचा प्लग मागच्या बाजूला. ओल्या गवतातून लांब वायर ओढत फिरायचं, तीही कापणाऱ्या पात्याच्या आसपास, हे मला पटलं नाही. हाताने ढकलायचं, दंडगोल पात्यांचं मशीन मैत्रिणीकडून आणून बघितलं. बोटभर गवताला ते फार सुंदर कापतं, पण हरळीचे लांब धुमारे आले की चाकं जागीच घसरतात. उरलं बॅटरीचं. कापणीची रुंदी 37 सेंटीमीटर, बॅटरी-चार्जरसह ₹28,000 गेले.

दुकानात सगळे व्होल्ट सांगतात. त्यात अडकू नका. 40 व्होल्ट आणि 36 व्होल्ट लिहिलेल्या बॅटऱ्या बहुतेक वेळा एकाच जातीच्या असतात. 40 हा आकडा पूर्ण चार्ज असतानाचा, 36 हा सरासरीचा. बॅटरीत किती वीज मावते याचा खरा हिशोब गुणाकाराचा. 36 व्होल्ट गुणिले 4 अँपिअर-तास म्हणजे 144 वॅट-तास. एकदा पूर्ण चार्ज करायला पाव युनिटही वीज लागत नाही, त्यामुळे बिलाची काळजी नको. काळजी वेगळ्याच गोष्टीची करावी लागते.

दुकानदाराने सांगितलं, एका चार्जमध्ये दोन हजार चौरस फूट आरामात. जूनमध्ये ते खरं ठरलं. अख्खं अंगण कापून बॅटरीवरच्या चारपैकी दोन दिवे शिल्लक राहायचे. पण सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरचा. परतीच्या पावसात सलग आठ दिवस कापता आलं नाही आणि हरळी नडगीपर्यंत आली. त्या दिवशी निम्म्या अंगणातच मशीन बंद पडलं. ओलं, दाट गवत कापताना मोटर दुप्पट जोर लावते, पात्याच्या वरचं झाकण आतून लगद्याने भरतं, आणि तो लगदा फिरवण्यातच बॅटरी संपते. माळीमामा फाटकापाशी उभे राहून म्हणाले, "ताई, हरळीला असं एकदम खाली घ्यायचं नसतं. आधी शेंडा, मग बुंधा." तेव्हापासून तसंच करते. आधी कापायची उंची सगळ्यात वरच्या खाचेवर ठेवून मशीन एकदा फिरवायचं, दोन दिवसांनी खाली घ्यायचं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापलं नाही तर गवतही पिवळं पडत नाही. म्हणून मशीन घेताना जूनच्या गवताचा हिशोब धरू नका, सप्टेंबरचा धरा. तुमचं अंगण माझ्याएवढं असेल तर 4 अँपिअर-तासाच्या खाली जाऊ नका.

मातीचं लिहायलाच हवं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे अंगण दरवर्षी थोडं वरखाली होतं. माझ्या मशीनची पुढची चाकं लहान आहेत. उंचवट्यावर गेलं की पातं जमीन खरवडतं आणि तिथे मातीचा गोल उघडा पडतो. असे चार गोल आमच्या पेरूच्या झाडाखाली अजून आहेत. दुकानात मी चाकांकडे बघितलंच नव्हतं. मोठ्या चाकांचं मिळत असेल तर त्याला दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही. उंची कमी-जास्त करायची एकच दांडी असलेलं घ्या. चारही चाकं वेगवेगळी बसवायची असतील तर तुम्ही कंटाळून उंची बदलणारच नाही. उन्हाळ्यात मी 60 मिलिमीटरवर कापते. नळाला पाणी रोज येत नाही, आणि उंच गवताची सावली मुळांवर राहिली की ओल दोन दिवस जास्त टिकते.

ऑक्टोबरमध्ये पातं कडेच्या विटेला लागून खाच पडली. चार दिवसांनी गवताकडे वाकून बघितलं तर प्रत्येक गवतकाडीचं टोक सुटलेल्या दोऱ्यासारखं विसकटलेलं आणि पांढुरकं. लांबून अख्खं अंगण करपल्यासारखं दिसत होतं. गवताला रोग नव्हता, बोथट पात्याने ते कापलं जात नव्हतं, फाटत होतं. नवीन पातं मागवलं तर दुकानाने "आठवड्यात येईल" म्हणून पाच आठवडे लावले. मधल्या काळात एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर धार लावून घेतली. काठ निळा पडला. पोलाद निळं पडेपर्यंत तापलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो; ती धार दोन कापण्यांतच गेली. आता मी स्वतः कानशीने, हळूहळू, दोन्ही टोकांना सारखी धार लावते. मग मधल्या भोकात खिळा घालून पातं आडवं टांगते. एक बाजू खाली झुकली तर तिकडचं थोडं आणखी घासायचं, नाहीतर मशीन थरथरतं. पात्याला हात लावायच्या आधी बॅटरी आणि सुरक्षेची किल्ली दोन्ही काढून खिशात ठेवायची. यात कधीच सूट नको. आणि मशीन घ्यायच्या दिवशीच एक जादा पातं घेऊन ठेवा.

आता उन्हाळा. मार्चअखेर एकदा दुपारी चारला कापलं आणि तापलेली बॅटरी तशीच पत्र्याच्या शेडमधल्या चार्जरला लावली. लाल दिवा लुकलुकायला लागला, चार्जिंग होईना. मला वाटलं बॅटरी गेली. एकट्या बॅटरीची किंमत ₹9,500, पोटात गोळाच आला. मदत क्रमांकावरच्या मुलाने शांतपणे विचारलं, "मॅडम, बॅटरी कुठे ठेवली आहे?" लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते, तेवढी तापली की चांगला चार्जर स्वतःच थांबतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच 42-43 होतं, पत्र्याखाली काय होत असेल! तेव्हापासून मशीन शेडमध्ये राहतं, बॅटरी मात्र मधल्या खोलीतल्या कपाटाच्या तळाला. कापून झाल्यावर तासभर गार होऊ देते आणि चार्जिंग रात्री लावते. पंधरा-वीस दिवस कापायचं नसेल तर पूर्ण भरून ठेवत नाही, दोन दिव्यांवर ठेवते. अकरा महिन्यांत बॅटरीची ताकद घटल्याचं मला तरी जाणवलेलं नाही.

आवाज मिक्सरपेक्षा कमी. सकाळी साडेसहाला सुरू केलं तरी शेजारच्या काकूंनी कधी तक्रार केली नाही. वजन 14 किलो, पायरीवरून मी एकटी उचलते. गवताची पिशवी लहान आहे, पाच-सहा वेळा रिकामी करावी लागते. ते गवत पेरूच्या आळ्यात पसरते. भिंतीलगतचं आणि झाडाच्या बुंध्याजवळचं या मशीनने निघत नाही, तिथे खुरपं लागतंच. तेवढ्यासाठी मामांना महिन्यातून एकदा बोलावते, आणि ते बसल्याबसल्या लव्हाळ्याच्या गाठीही खणून काढतात, जे कुठल्याच मशीनला जमणार नाही.

यंदाच्या पावसाळ्यासाठी दुसरी बॅटरी सांगून ठेवलीय. ती हातात आली की आधी तिच्यावरची बनावटीची तारीख बघणार. दुकानात वर्ष-दीड वर्ष उन्हाळे काढलेली निघाली तर परत करणार. आणि पाऊस पडायच्या आत पेरूखालचे ते चार उंचवटे फावड्याने सपाट करून घ्यायचेत, आप्पांची फेरी तिथूनच वळते.