स्वयंसेवकाने संस्थेशी तोंडी ठरवावे की लेखी?

एखाद्या संस्थेला नियमित वेळ द्यायचे ठरले की, परस्परांच्या अपेक्षा पहिल्या भेटीत बोलून मोकळे व्हावे की कागदावर उतरवाव्यात, हा प्रश्न येतोच. मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे. एका दिवसाच्या शिबिरासाठी कागद करण्याची गरज नाही; येथे विचार आहे तो महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामाचा.

तोंडी बोलण्यात मोकळेपणा असतो. हिशेबाचे काम जमणार नाही किंवा परीक्षेच्या काळात येता येणार नाही, हे समोरासमोर सहज सांगता येते आणि संस्थेलाही नियम लादल्याचा संकोच वाटत नाही. मात्र हे सारे समन्वयकाच्या आठवणीवर अवलंबून राहते. माझे काम मुलांना शिकवण्याचे ठरले होते. समन्वयक बदलले आणि शनिवारी रात्री नव्या बाईंचा निरोप आला, ‘उद्या सकाळी देणगीच्या पावत्या करायला बसू.’ त्यांचा दोष नव्हता, कारण आधी काय ठरले होते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पण दर नव्या माणसापुढे आपल्या नकाराची कारणे पहिल्यापासून मांडण्याचा मला जो वैताग आला, त्यानेच माझे मत फिरवले.

लेखी पद्धत निर्दोष आहे असे नाही. काही संस्थांच्या पत्रकात स्वयंसेवकाच्या कर्तव्यांची लांबलचक यादी असते, पण प्रशिक्षण कोण देणार, प्रवासखर्च मिळणार का, तक्रार कोणाकडे न्यायची, यावर अवाक्षरही नसते. असल्या कागदापेक्षा तोंडी बोलणे बरे. भाषाही फार कायदेशीर नसावी. ब्रिटनमध्ये तर अशा पत्रात ते कायद्याने बंधनकारक नसल्याचे मुद्दाम लिहिण्याची पद्धत आहे, आणि शक्यतो प्रत्यक्ष झालेलाच खर्च परत दिला जातो, कारण ठरावीक रक्कम देत राहिल्यास ते नोकरीचे नाते मानले जाऊ शकते.

ज्यांचा समन्वयक वर्षानुवर्षे तोच आहे, त्यांना कदाचित तोंडी बोलणेच पुरेल. मला विचाराल तर मी एका पानाच्या पत्राकडे झुकेन. त्यात काम, वेळ, न करायची कामे, संस्थेची जबाबदारी आणि सोडताना किती दिवस आधी कळवायचे एवढे असावे, आणि तीन महिन्यांनी दोघांनी ते पुन्हा वाचावे. संस्था असे पत्र देत नसेल, तर भेटीनंतर ठरलेले मुद्दे आपणच ई-मेलने पाठवावेत. त्यावर आलेले ‘ठीक आहे’ हे उत्तरही पुढच्या समन्वयकाला दाखवायला पुरते.