लोहचुंबक चिकटला नाही, म्हणून भुललो

गुहागर तालुक्यातील खाडीकाठच्या आमच्या घरात न्हाणीघरातला तांब्याचा बंब दोन पिढ्या चालला. नारळाची सोडणे आणि करवंट्या घालत धुरात बसणे आईला होईनासे झाले, तेव्हा मार्च २०२४ मध्ये आम्ही दोनशे लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर बंब घेतला.

विहिरीचे पाणी वैशाखात मचूळ होते, हे मी विक्रेत्याला आधीच सांगितले होते. त्यावर त्याने नळी बसवण्याच्या भोकातून टाकीच्या आतल्या पत्र्याला लोहचुंबक लावला आणि तो चिकटत नाही हे पाहून ‘बघा काका, अस्सल एसएस ३०४’, म्हणजे चांगल्या दर्जाचे स्टेनलेस स्टील, असे सांगितले. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान पुढे खात्यात जमा होईल, असे म्हणून त्याने अडतीस हजार रुपये घेतले आणि ‘मोडीचे दोन हजार आधीच वजा केलेत’ म्हणत जुना बंबही नेला. ते अनुदान छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी असते, पाणी तापवणाऱ्या संचासाठी नाही, हे मला महिन्याभरात कळले. चुंबकाचे गूढ मात्र मे २०२५ मध्ये टाकी सांध्यापाशी गळू लागल्यावर उलगडले.

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात काम करणाऱ्या भाच्याने पत्र्याचा तुकडा तेथील यंत्रावर तपासून आणला. त्यात निकेल कमी आणि मँगनीज भरपूर, म्हणजे तो स्वस्तातला एसएस २०२ निघाला. २०२ आणि ३०४ या दोन्ही पत्र्यांना लोहचुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेने काहीच सिद्ध होत नव्हते, आणि विक्रेत्याला ते ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड अशा पत्र्याला बारीक भोके पाडते. खरे तर मचूळ पाण्यासाठी ३०४ देखील बेताचाच. मॉलिब्डेनम असलेला ३१६, किंवा आतून काचेचा लेप आणि मॅग्नेशियमची कांडी असलेली टाकी मागायला हवी होती, आणि पावतीवर पत्र्याचा दर्जा लिहून घ्यायला हवा होता. पाच वर्षांच्या हमीपत्रात खाऱ्या पाण्याने झालेले नुकसान बारीक इंग्रजी अक्षरांत वगळले होते, तेही मी वाचले नव्हते.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून काही हाती लागले नाही, म्हणून आता रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करत आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तांब्याच्या बंबाचा पावतीवर उल्लेखच नसल्याने तो परत मागायला आमच्यापाशी आधार उरलेला नाही.