घरच्या कीशसाठी सुटत्या तळाचा टार्टचा साचा: वापरानंतरचा अभिप्राय

२३ सेंटिमीटर व्यासाचा, अडीच सेंटिमीटर उंचीचा, कडेला चुण्या असलेला आणि तळ वेगळा निघणारा टार्टचा (सारण भरून भाजलेल्या, वरून उघड्या पारीचा) साचा गेल्या दिवाळीपासून आमच्या सांगलीच्या घरात नेमाने वापरला जातो. तो कीश करण्यासाठीच घेतला होता, त्यामुळे हा अभिप्रायही त्या एका पदार्थाच्या अंगाने लिहिला आहे. शहरातल्या भांड्यांच्या दुकानांत केकचे गोल आणि चौकोनी साचे हवे तेवढे मिळाले, हा मात्र मिळाला नाही आणि शेवटी ऑनलाइन मागवावा लागला. किंमत पाचशे ते सहाशे रुपयांच्या दरम्यान पडली. कंपनीचे नाव देत नाही, कारण याच मापाचे साचे अनेक कंपन्या विकतात आणि साच्याची गुणवत्ता पत्र्याची जाडी, तळाच्या चकतीची बैठक आणि काठाची उंची या तीन गोष्टींवर ठरते. ज्या घरात ओटीजी (विजेवर चालणारी छोटी भट्टी) आहे आणि चार-पाच माणसांच्या रात्रीच्या जेवणासाठी नेहमीपेक्षा वेगळे, तरीही पोटभरीचे काही करण्याची हौस आहे, त्या घराने हा साचा जरूर घ्यावा असे माझे मत आहे.

कीश हा पूर्व फ्रान्समधील लोरेन प्रांताचा पदार्थ आहे. मैद्याच्या खुसखुशीत पारीत अंडी आणि क्रीम यांचे मिश्रण भरून ते भाजतात. लोरेनच्या जुन्या पद्धतीत अंडी, क्रीम आणि धुरावलेले डुकराचे मांस एवढेच असे, चीज पुढे आले. आपण सारण बदलले तरी पदार्थाचा पाया बदलत नाही: पारी तळापर्यंत खुसखुशीत राहिली पाहिजे आणि आतले मिश्रण सुरीने कापता येईल इतके घट्ट, पण खाताना मऊ लागले पाहिजे. अडचण अशी की पारीला कडक आच लागते आणि अंड्यांना सौम्य आच मानवते, आणि दोन्ही एकाच भांड्यात भाजायची असतात. साच्याचा कस लागतो तो इथे.

आमचा साचा काळ्या नॉन-स्टिक थराच्या पोलादी पत्र्याचा आहे. काळा पत्रा उष्णता चटकन शोषून घेतो, त्यामुळे पारीचा तळ तांबूस भाजला जातो. चकचकीत स्टीलचे ताट हीच उष्णता परतवून लावते आणि तळ फिकट व मऊ राहतो. काचेच्या डिशमधून तळाचा रंग बाहेरूनच पाहता येतो हा तिचा गुण आहे, परंतु काच सावकाश तापते, तिच्यातून पहिला तुकडा धड निघत नाही आणि फ्रिजमधली थंड डिश थेट तापलेल्या ओटीजीत ठेवली तर ती तडकण्याची भीती असते. केकच्या उंच, गुळगुळीत साच्यात पारीच्या भिंती भाजताना खाली घसरतात, तर टार्टच्या साच्यातील चुण्या त्यांना धरून ठेवतात. सुटत्या तळाचा लाभ सर्वांत शेवटी कळतो: भाजलेला साचा उपड्या वाटीवर ठेवला की बाजूचे गोल कडे आपोआप खाली उतरते आणि अखंड कीश तळाच्या चकतीसह हातात येते. कडे त्या वेळी चांगलेच तापलेले असते, म्हणून मनगट झाकणारे हातमोजे घालूनच हे करावे.

पारीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण साचा कितीही चांगला असला तरी पारी बिघडल्यास तो काही करू शकत नाही. या साच्याला २०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम बटर हे प्रमाण बरोबर पुरते. आपल्याकडे करंजीच्या पारीत कडकडीत मोहन घालतात. इथे त्याच्या उलट फ्रिजमधले थंड बटर बारीक तुकडे करून बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचे असते, पीठ रवाळ दिसू लागले की तीन-चार चमचे बर्फाचे पाणी घालून ते फक्त एकत्र आणायचे असते. स्निग्धांशाने वेढलेल्या मैद्याला पाणी कमी मिळते, त्यामुळे चिवटपणा येत नाही आणि पारी खुसखुशीत होते. हे पीठ मळले तर काम बिघडते, ही गोष्ट पोळ्यांची सवय असलेल्या हातांना मुद्दाम लक्षात ठेवावी लागते. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. विश्रांती न मिळालेली पारी भाजताना आक्रसते आणि काठ खाली बसतो. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या आसपास असताना, बटर बोटांतच वितळते, म्हणून त्या दिवसांत मैदाही आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून पीठ सकाळी लवकर करून घेणे बरे. बाजारातले नेहमीचे पिवळे बटर खारट असल्याने वेगळे मीठ घालू नये. बटराऐवजी घट्ट, थंड साजूक तूप वापरता येते, मात्र बटरात सुमारे ऐंशी टक्के स्निग्धांश असतो आणि तूप जवळजवळ संपूर्ण स्निग्धांशच असते, त्यामुळे ८० ग्रॅम तूप पुरे होते आणि पाणी चमचाभर जास्त लागते. निम्मी कणीक घातली तर चव अधिक चांगली लागते असे आमच्या घरचे मत आहे. सगळी कणीक घेतली तर पारी लाटताना फाटते, ती साच्यातच बोटांनी थापून बसवावी.

पारी तीन मिलिमीटर जाडीची लाटून, चुण्यांमध्ये बोटाने नीट दाबून बसवावी. काठावरून लाटणे फिरवले की जास्तीचे पीठ स्वच्छ कापले जाते. साच्याची कड त्यासाठी पुरेशी धारदार आहे. नंतर काट्याने टोचे मारून, बटर पेपर अंथरून, त्यावर वजन म्हणून कोरडा राजमा भरून पारी आधी नुसतीच २०० अंशांवर पंधरा मिनिटे भाजावी आणि राजमा व कागद काढून आणखी सात-आठ मिनिटे ठेवावी. हा राजमा पुन्हा शिजत नाही, तो वेगळ्या डब्यात याच कामासाठी राखून ठेवावा. गरम पारीला आतून अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हात फिरवला तर टोचे बुजतात आणि मिश्रण खाली झिरपत नाही. ही पायरी गाळण्याचा मोह अनेकांना होतो, पण साच्याचा काळा पत्रासुद्धा ओल्या मिश्रणाखालची कच्ची पारी भाजू शकत नाही.

अडीच सेंटिमीटर उंची मला अगदी योग्य वाटते. तीन अंडी, दीडशे मिलिलिटर दूध, दीडशे मिलिलिटर क्रीम आणि शिजवलेले अडीचशे ग्रॅम सारण एवढे या साच्यात सहज मावते. घरी म्हशीचे दूध येत असेल तर क्रीम विकत आणण्याची गरज नाही. ताजी साय दुधात घुसळून घेतली तरी तोच स्निग्धपणा मिळतो. पाच सेंटिमीटर उंचीचे साचेही मिळतात आणि त्यांत कीश भारदस्त दिसते, परंतु मध्यभाग शिजेपर्यंत कडेची अंडी अतिशिजून त्यांना पाणी सुटते. भरलेले कीश १७० ते १८० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटांत होते. कडा घट्ट झाल्या आणि साचा हलवल्यावर मधला रुपयाएवढा भाग अजून थरथरत असला की ते बाहेर काढावे, कारण आतल्या उष्णतेने तो भाग नंतर आपोआप बसतो. दूध मिसळलेली अंडी साधारण ७५ ते ८० अंशांच्या दरम्यान घट्ट होतात आणि त्याच्या पुढे गेली की फाटतात. वीस मिनिटे निवल्याशिवाय सुरी लावू नये.

सारणाच्या बाबतीत या पदार्थाची उदारता खरोखर मोठी आहे, आणि रोजच्या स्वयंपाकात तो रुळला तो त्यामुळेच. एकच अट आहे: भाजीतले पाणी आधी आटवले पाहिजे. हिवाळ्यात मंडईत मेथीच्या जुड्या स्वस्त होतात तेव्हा मेथी लसणावर कोरडी होईपर्यंत परतून, पनीरचा चुरा घालून केलेले कीश आमच्याकडे सर्वांत आवडते आहे. मेथीचा कडसरपणा साईच्या गोडीने बरोबर तोलला जातो. कृष्णाकाठची वांगी फोडी करून, मीठ लावून, निथळून तेलावर खरपूस परतावीत. ती मिश्रणात विरघळत नाहीत आणि प्रत्येक घासात लागतात. कांद्याला मात्र वेळ द्यावा लागतो. तीन मोठे कांदे उभे चिरून मंद आचेवर अर्धा तास परतले की ते गडद तांबूस आणि गोड होतात, मग त्यांत किसलेले जायफळ आणि मूठभर चीज याखेरीज काहीच घालावे लागत नाही. मश्रूम किंवा चिकनच्या खिम्यात अर्धा चमचा आपला कांदा-लसूण मसाला घातला तर तो अंड्यांच्या सौम्य चवीला चांगला उठाव देतो, अर्ध्या चमच्याच्या पुढे गेल्यास फक्त मसालाच लागतो. आदल्या दिवशीची कोरडी भाजी, विशेषतः फ्लॉवर-मटार किंवा ढोबळी मिरची, जशीच्या तशी चालते. टोमॅटोच्या कच्च्या फोडींची मी कधीच शिफारस करणार नाही. त्यांच्या रसाने पारीचा तळ हमखास भिजतो.

माझी आई अंडे खात नाही, आणि श्रावणात तर घरात अंडे येतच नाही. अशा वेळी सुरळीच्या वडीचे मिश्रण या पारीत फार सुंदर बसते. एक वाटी बेसन, तीन वाट्या ताक, आल्या-मिरचीचे वाटण, मीठ आणि चिमूटभर राजापुरी हळद एकत्र करून, गुठळी होऊ न देता ते कढईत घट्ट होईपर्यंत शिजवावे, त्यात परतलेली भाजी मिसळावी, गरम असतानाच भाजलेल्या पारीत ओतावे आणि २०० अंशांवर वीस मिनिटे ठेवावे. बेसनातील स्टार्च निवताना घट्ट होतो आणि तुकडा स्वच्छ कापला जातो. अंड्याच्या कीशचा मऊपणा यात येत नाही, पण हा पर्याय तडजोड म्हणून करावा असा नाही. आई तो आवडीने मागून घेते आणि अंडी खाणारेही त्याला हात लावतात. ज्या दिवशी दोन्ही प्रकार करायचे असतात, त्या दिवशी बेसनाचे आधी करून, निवल्यावर रुंद उलथने घालून ते पोळपाटावर सरकवले की साचा दुसऱ्या खेपेसाठी मोकळा होतो. पहिल्या तीन-चार वेळांना चकतीवर बटराचा हात फिरवणे मी आवश्यक मानतो, पुढे ती स्वतःच मोकळी सोडते. सुरी मात्र कधीही चकतीवर चालवू नये, नॉन-स्टिक थराला एकदा ओरखडा पडला की तो भरून येत नाही.

साच्यात उणिवा आहेत आणि त्या घेण्यापूर्वी माहीत असाव्यात. कडे आणि चकती यांच्या फटीतून भाजताना थोडे बटर गळते आणि ते ओटीजीच्या खालच्या सळीवर पडून धूर होतो. यासाठी खाली ट्रे ठेवावा लागतो, पण थंड ट्रे ठेवला तर तळाची आच अडते. म्हणून ट्रे ओटीजीबरोबरच तापवून घ्यावा आणि साचा त्या तापलेल्या ट्रेवर ठेवावा, त्याने तळ उलट अधिक चांगला भाजतो. दुसरी उणीव गंजाची आहे. पत्रा जिथे वळवला आहे त्या काठाच्या दुमडीत पाणी अडकते, आणि पावसाळ्यात साचा नुसता पालथा ठेवून ती दुमड वाळत नाही. धुऊन, पुसून, नुकत्याच बंद केलेल्या कोमट ओटीजीत दहा मिनिटे ठेवणे हाच उपाय आहे. चुण्या घासायला तारेची घासणी चालत नाही, जुना मऊ टूथब्रश चांगला उपयोगी पडतो. मागवण्यापूर्वी ओटीजीच्या आतली रुंदी आणि खोली पट्टीने मोजून घ्यावी; आमच्या २८ लिटरच्या ओटीजीत हा साचा चहूबाजूंनी मोकळा राहतो, लहान ओटीजीत तो भिंतींना टेकला तर हवा खेळत नाही आणि एक बाजू करपते.

या साच्यातल्या कीशचे मोठे सहा तुकडे होतात. टोमॅटोचे सार आणि काकडीची कोशिंबीर जोडीला असली की चौघांचे रात्रीचे जेवण होते आणि दोन तुकडे सकाळच्या डब्यासाठी उरतात. उरलेले तुकडे झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि १६० अंशांवर ओटीजीतच दहा मिनिटे गरम करावेत. मायक्रोवेव्हमध्ये पारी चामट होते. दोघांच्याच घराला २३ सेंटिमीटरचा साचा मोठा पडेल. त्यांनी याच उंचीचा १८ सेंटिमीटरचा साचा घ्यावा आणि वरील सर्व प्रमाण सरळ दोन तृतीयांश करावे, म्हणजे अंडी दोन, दूध आणि क्रीम प्रत्येकी शंभर मिलिलिटर.